घरासाठी ब्रॉडबँड निवडताना: वेगाआधी वायर पाहावी

ब्रॉडबँडच्या जाहिरातीत मोठ्या अक्षरांत वेग आणि त्याखाली किंमत छापलेली असते, आणि बहुतेक कुटुंबे या दोन आकड्यांवरच निर्णय घेतात. प्रत्यक्षात कोणत्याही दोन चांगल्या कंपन्यांचे १०० एमबीपीएसचे प्लॅन कागदावर जवळजवळ सारखेच असतात. फरक पडतो तो रस्त्यावरच्या खांबापासून आपल्या दिवाणखान्यापर्यंतच्या शेवटच्या शे-दोनशे मीटरमध्ये. तो तुकडा कशाचा आहे, कोणाच्या ताब्यात आहे आणि तुटल्यावर जोडायला कोण, किती वेळात येते, या प्रश्नांची उत्तरे मिळाली की तुलनेचे निम्म्याहून अधिक काम होते. म्हणून या लेखात किमतीचा विचार मुद्दाम मागे ठेवला आहे.

आधी गरजेचा हिशेब

नेटफ्लिक्स फुल एचडी चित्रासाठी ५ आणि ४के चित्रासाठी १५ एमबीपीएस वेगाची शिफारस करते. चांगल्या प्रतीच्या व्हिडिओ बैठकीला दोन्ही दिशांनी साधारण ३ ते ४ एमबीपीएस लागतात. एकाच संध्याकाळी दिवाणखान्यात ४के मालिका, एका खोलीत ऑफिसची बैठक, दुसऱ्या खोलीत मुलांचा ऑनलाइन वर्ग आणि स्वयंपाकघरात यूट्यूबवर पाककृती चालू असली, तरी बेरीज ३० एमबीपीएसच्या आतबाहेरच येते. चार-पाच माणसांच्या घराला ५० एमबीपीएस पुरतात आणि १०० मध्ये ऐसपैस भागते. ३०० एमबीपीएस किंवा १ जीबीपीएसचे (म्हणजे १,००० एमबीपीएसचे) प्लॅन रोज मोठ्या व्हिडिओ फाइलींची देवाणघेवाण करणाऱ्यांसाठी आहेत. इतरांनी ते घेतले तर तो पैसा फक्त स्पीड टेस्टच्या काट्यावर दिसतो.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कंपन्या वेग बिटमध्ये सांगतात आणि फाइलचा आकार बाइटमध्ये असतो; आठ बिटांचा एक बाइट होतो, म्हणून १०० एमबीपीएसच्या जोडणीवर फाइल सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा एमबीने उतरते. 'मला शंभराऐवजी बाराच मिळतात' ही तक्रार बहुधा या गोंधळातून येते.

डाउनलोडइतकाच अपलोडचा वेग विचारावा. घरून काम करणारे, फोनमधील फोटो आपोआप क्लाउडवर साठवणारे आणि गावच्या घरावर लक्ष ठेवण्यासाठी सीसीटीव्ही बसवणारे या सर्वांचा भार अपलोडवर असतो. फायबरच्या, म्हणजे काचेच्या तंतूवरून येणाऱ्या, बहुतेक प्लॅनमध्ये दोन्ही वेग सारखे असतात; टीव्हीच्या जुन्या केबलवरून येणाऱ्या आणि बिनतारी जोडण्यांमध्ये अपलोड बराच कमी असतो आणि जाहिरातीत त्याचा उल्लेखही नसतो.

घरापर्यंत नेमके काय येते

फायबर म्हणून विकल्या जाणाऱ्या जोडण्या दोन प्रकारच्या असतात. पहिल्या प्रकारात काचेचा तंतू थेट घरात येतो आणि भिंतीवरच्या लहान पेटीला जोडला जातो. या पेटीला ओएनटी म्हणतात, जरी घरोघरी तिचे नाव 'मॉडेम' किंवा 'राउटर' हेच असते. दुसऱ्या प्रकारात फायबर इमारतीपर्यंतच येते, जिन्यातल्या किंवा गच्चीवरच्या एका स्विचमध्ये (अनेक घरांना जोडणी वाटणाऱ्या, विजेवर चालणाऱ्या पेटीत) संपते आणि तिथून प्रत्येक घरात साधी तांब्याची लॅन केबल सोडली जाते. स्थानिक केबलवाल्यांच्या अनेक जुन्या जोडण्या अशा आहेत. शेजाऱ्याच्या घरी जाऊन वायरचे टोक पाहिले की उलगडा होतो: बारीक वायर आणि हिरवे चौकोनी टोक असेल तर फायबर, आणि टेलिफोनच्या पिनेसारखे पण जरा रुंद पारदर्शक टोक असेल तर लॅन.

हा फरक महत्त्वाचा ठरतो तो वीज गेल्यावर. फायबर थेट घरात येत असेल तर कंपनीच्या केंद्रापासून घरापर्यंतच्या वाटेवर सहसा विजेवर चालणारे कोणतेही यंत्र नसते. मधला स्प्लिटर विजेशिवाय प्रकाशाची वाटणी करतो. त्यामुळे घरातल्या पेटीला १२ व्होल्टचा लहान यूपीएस जोडला की वीज नसतानाही इंटरनेट चालू राहते. जिन्यातल्या स्विचवर अवलंबून असलेल्या घरात यूपीएस असूनही उपयोग होत नाही, कारण स्विचच बंद पडलेला असतो. पुण्यात महावितरण देखभालीसाठी गुरुवारी वीज बंद ठेवते, आणि ग्रामीण भागातील भारनियमनाबद्दल वेगळे सांगायला नको. अशा ठिकाणी घरून काम करणाऱ्याने ऑपरेटरला विचारण्याचा पहिला प्रश्न वेगाचा नव्हे, तर 'स्विच कुठे आहे आणि त्याला बॅटरी आहे का' हा असावा.

थेट फायबरमध्येही वाटणी असतेच. घरगुती फायबरच्या प्रचलित 'जीपॉन' पद्धतीत एका मुख्य तंतूवरचा सुमारे अडीच जीबीपीएस वेग ३२ किंवा ६४ घरांत वाटला जातो. सगळे जण एकाच क्षणी पूर्ण वेग वापरत नाहीत, म्हणून हे गणित जुळते. रात्री नऊ ते अकराच्या दरम्यान वेग कोसळत असेल तर मात्र अडचण बहुधा या वाटणीत नसून ऑपरेटरने वरून कमी क्षमता विकत घेतलेली असते. तिच्यावर घरातून काहीही इलाज करता येत नाही.

बीएसएनएलच्या जुन्या तांब्याच्या टेलिफोन तारेवरची जोडणी आज नव्याने घेण्याचे कारण उरलेले नाही. त्याच बीएसएनएलचे फायबर मात्र कोकणात, मराठवाड्यात आणि विदर्भातील अनेक गावांत विचारात घेण्याजोगे आहे. भारतनेट प्रकल्पातून ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेलेले असून गावात घरोघरची जोडणी अनेकदा स्थानिक भागीदार करून देतो. त्यामुळे एकाच कंपनीची सेवा एका गावात उत्तम आणि शेजारच्या गावात रडतखडत चाललेली दिसते. अशा वेळी पारख कंपनीची नव्हे, भागीदाराची करायची असते.

बिनतारी पर्याय

जिओची एअरफायबर सेवा १९ सप्टेंबर २०२३ रोजी, गणेश चतुर्थीच्या दिवशी, मुंबई आणि पुण्यासह आठ शहरांत सुरू झाली. एअरटेलची तशीच सेवा त्याआधी ऑगस्टमध्ये दिल्ली आणि मुंबईत आली होती. नावात फायबर असले तरी घरापर्यंत तंतू येत नाही. गच्चीवर किंवा खिडकीबाहेर एक यंत्र बसवतात, ते जवळच्या टॉवरशी बोलते आणि तिथून वायर घरात येते. ज्या सोसायटीच्या डक्टमध्ये नवी वायर टाकायला जागा नाही, किंवा ज्या बंगल्यापर्यंत खोदाई परवडत नाही, तिथे हा पर्याय खरोखर कामाचा आहे.

त्याच्या मर्यादा मात्र आधी समजून घ्याव्यात. टॉवर परिसरातल्या मोबाइलधारकांचाही असतो, म्हणून संध्याकाळी वेग उतरू शकतो. यंत्र आणि टॉवर यांच्यामध्ये दाट झाडी आली किंवा नवी इमारत उभी राहिली तर लहरी क्षीण होतात. उन्हाळ्यात स्वच्छ चालणारी जोडणी पावसाळ्यात पाने भरल्यावर मंदावू शकते. गच्चीवर यंत्र लावण्यासाठी सोसायटीची लेखी परवानगी आधीच घ्यावी, नाहीतर बसवायला आलेला माणूस परत जातो आणि पुढची तारीख मिळवताना दमछाक होते. बाहेरच्या यंत्रालाही वीज लागते, त्यामुळे राउटरपुरता घेतलेला लहान यूपीएस पुरत नाही.

वापराची मर्यादाही वेगळी असते. जिओ आणि एअरटेल यांच्या फायबर प्लॅनना 'अमर्याद' म्हटले तरी महिन्याला सुमारे ३.३ टीबीची (१ टीबी म्हणजे सुमारे हजार जीबी) मर्यादा असते, तर बिनतारी प्लॅनमध्ये ती साधारण १ टीबी आहे. एचडी चित्र तासाला सुमारे ३ जीबी वापरते, म्हणजे १ टीबीत रोज अकरा तास पाहता येते. एवढे बहुतेकांना पुरते. पण ४के चित्र तासाला सुमारे ७ जीबी घेते. घरात दोन मोठे टीव्ही रोज तीन-तीन तास ४के चालत असतील तर महिन्याचा आकडा साडेबाराशे जीबीच्या पुढे जातो आणि शेवटचा आठवडा रांगत्या वेगावर काढावा लागतो.

उपग्रहाचा मार्ग तार आणि टॉवर दोन्ही न पोहोचलेल्या वाड्या-पाड्यांसाठी आहे. भूस्थिर, म्हणजे पृथ्वीवरून एकाच जागी स्थिर दिसणारा, उपग्रह सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर असतो, त्यामुळे प्रत्येक प्रश्नोत्तराला अर्धा सेकंद किंवा अधिक उशीर होतो आणि व्हिडिओ बैठक अडखळते. खालच्या कक्षेतील उपग्रहांत ही अडचण फारशी राहत नाही. मेळघाट किंवा गडचिरोलीच्या दुर्गम भागासाठी त्यांचा विचार योग्य आहे; ज्याच्या दारात फायबर आहे त्याने त्या वाटेला जाण्याची गरज नाही.

दुरुस्तीची चौकशी

जोडणी घेण्यापूर्वी एक संध्याकाळ आपल्याच इमारतीतल्या तीन-चार घरांत चौकशी करण्यासाठी द्यावी. 'नेट कसे आहे' असे विचारले की 'बरे आहे' एवढेच उत्तर मिळते. त्याऐवजी मागच्या पावसाळ्यात किती वेळा बंद पडले, तक्रार ॲपवर करावी लागली की माणसाला थेट फोन करता आला, आणि पेटीवर बिघाडाचा लाल दिवा लागल्यापासून माणूस दारात यायला किती तास लागले, हे विचारावे. शक्य झाल्यास रात्री दहाच्या सुमारास शेजाऱ्याच्या राउटरला लॅपटॉप वायरने जोडून स्पीड टेस्ट करावी. त्या वेळी त्याच कंपनीचा सर्व्हर न निवडता दुसऱ्या कंपनीचा, दुसऱ्या शहरातला निवडावा, कारण स्वतःच्या जाळ्यातल्या सर्व्हरपर्यंत वेग नेहमीच देखणा दिसतो.

आपल्याकडे वायर तुटण्याचे हंगाम ठरलेले आहेत: पावसाळ्यापूर्वीची रस्तेखोदाई, विजेच्या तारांवर येणाऱ्या फांद्यांची छाटणी, आणि वादळ. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात रायगडच्या किनाऱ्यावर विजेचे खांब आडवे झाले. अशा वेळी खांबांवरून लोंबत नेलेल्या प्रत्येक तारेची तीच गत होते. जमिनीखालून आलेले फायबर आणि खांबांवरून आलेले फायबर यांत निवड करता येत असेल तर थोडे अधिक पैसे देऊनही पहिलेच घ्यावे. घरून काम असल्यामुळे दोन जोडण्या घेणाऱ्यांनी दोघींची वाट वेगळी असल्याची खात्री करावी. दोन कंपन्यांच्या तारा एकाच खांबावरून येत असतील तर एकच फांदी दोन्ही तोडते. एक तार आणि एक बिनतारी, किंवा तारेच्या जोडीला मोबाइलचा हॉटस्पॉट, ही जोडी अधिक भरवशाची ठरते.

स्थानिक ऑपरेटरला केवळ लहान म्हणून बाद करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्याचे दुकान कोपऱ्यावर आहे आणि ज्याचा लाइनमन प्रत्येक जिना ओळखतो, तो अनेकदा मोठ्या कंपनीच्या कॉल सेंटरपेक्षा लवकर येतो. मात्र तो कोणत्या परवानाधारक कंपनीची सेवा देतो हे विचारावे, जीएसटी क्रमांक असलेले बिल मागावे, आणि बिल देण्याची टाळाटाळ झाली तर तिथेच थांबावे.

आता किंमत

जाहिरातीतल्या किमतीत सहसा १८ टक्के जीएसटी धरलेला नसतो. ३९९ रुपयांचा प्लॅन हातात ४७१ रुपयांना आणि ६९९ रुपयांचा ८२५ रुपयांना पडतो. स्थानिक ऑपरेटर मात्र अनेकदा करासह आकडा सांगतात. तुलना करताना वर्षभराचे भाडे, जोडणीचा खर्च आणि राउटरची ठेव किंवा किंमत एकत्र मांडून बारांनी भागावे. ओटीटीची सदस्यत्वे सोबत मिळत असतील तर एरवी ज्यांसाठी आपण खरोखरच पैसे मोजले असते तेवढ्यांचीच किंमत वजा करावी. वर्षभराचे पैसे आगाऊ भरल्यास मिळणारी सवलत मोहक असते, पण पहिल्यांदा तीन महिन्यांचेच भरावे, आणि त्यात एखादा पावसाळी महिना आला तर उत्तमच.

काही बारीक अटीही विचारून घ्याव्यात. अनेक कंपन्या शेकडो ग्राहकांना एकच आयपी पत्ता (इंटरनेटवर जोडणी ओळखण्याचा क्रमांक) वाटून देतात. सामान्य वापरात त्याने काही बिघडत नाही, पण घरातील कॅमेऱ्याचा रेकॉर्डर बाहेरून थेट उघडायचा असेल तर स्थिर आयपी, म्हणजे फक्त आपलाच न बदलणारा पत्ता, लागतो आणि त्याचे वेगळे पैसे पडतात. राउटर दोन बँडचा (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन्ही लहरींवर चालणारा) आहे का आणि त्याचे पोर्ट गिगाबिटचे आहेत का, हेही पाहावे; जुन्या पोर्टवर २०० एमबीपीएसचा प्लॅन घेतला तरी वायरवर १०० च्या पुढे काही मिळत नाही. कोकणातल्या आणि गोव्यातल्या जाड चिऱ्याच्या भिंतींतून ५ गिगाहर्ट्झचा वाय-फाय फार दूर जात नाही. अशा घरात मोठ्या प्लॅनवर खर्च करण्यापेक्षा दुसऱ्या खोलीपर्यंत लॅन केबल ओढून तिथे दुसरा राउटर बसवावा.

तक्रार आणि निरोप

बिघाड झाला की फोनवरच्या बोलण्यावर न थांबता तक्रार क्रमांक घ्यावा. तक्रार केंद्राने दाद दिली नाही तर त्याच कंपनीच्या अपिलीय प्राधिकरणाकडे जाता येते, आणि तिथेही काम झाले नाही तर केंद्र सरकारच्या लोक तक्रार पोर्टलवर. ट्राय ही दूरसंचार नियामक संस्था एकेका ग्राहकाच्या तक्रारीत स्वतः निवाडा करत नाही, म्हणून तिथे पत्र पाठवून वाट पाहण्यात अर्थ नाही. दूरसंचार सेवेविरुद्ध ग्राहक आयोगाकडे जाता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे.

जोडणी बंद करताना विनंती लेखी किंवा ॲपवरून करावी. ओएनटी, राउटर आणि त्यांचे अडॅप्टर परत देताना त्यांवरील अनुक्रमांकाचा फोटो काढावा आणि नेणाऱ्याकडून त्या क्रमांकासह पोच घ्यावी. ठेव अडकते ती बहुतेक वेळा या पोचपावतीच्या अभावी, त्यामुळे ठेवीचे पैसे खात्यात जमा होईपर्यंत ती जपून ठेवावी.