टाकाऊ वस्तूंपासून शोभेचा दिवा घडवताना

टाकाऊ वस्तूंपासून दिवा करायचा म्हटले की कलेचा विद्यार्थी बहुधा आधी कागदावर आकार रेखाटतो आणि मग त्या आकारात बसेल असे सामान शोधत फिरतो. हा क्रम उलटा ठेवावा. दिव्याच्या कामात आपण घडवतो तो प्रकाश. बाटली, पत्रा, कागद किंवा प्लास्टिक त्या प्रकाशाला अडवते, वळवते अथवा पसरवते, आणि कोणती वस्तू यांपैकी काय करील हे तिच्याकडे दिवसाउजेडी पाहून कळत नाही. म्हणून पहिले काम अंधाऱ्या खोलीत करावे. एक पारदर्शक काचेचा लहान एलईडी बल्ब आणि एक दुधी बल्ब घ्यावा, जमवलेली प्रत्येक वस्तू दोन्ही बल्बांसमोर आधी चार बोटांच्या आणि मग हातभर अंतरावर धरावी, आणि भिंतीवर काय उमटते, उजेडाचा रंग कसा बदलतो, बल्ब आरपार दिसून डोळ्यांना टोचतो का, हे टिपून ठेवावे. छायाचित्रे काढायची असल्यास मोबाइलच्या कॅमेऱ्याचे एक्स्पोजर लॉक करावे. नाही तर कॅमेरा प्रत्येक वेळी उजेड आपणहून सावरून घेतो आणि सगळ्या वस्तू सारख्याच भासतात.

या चाचणीत काही गोष्टी लगेच ध्यानात येतात. शीतपेयाच्या पीईटी या पारदर्शक प्लास्टिकच्या बाटलीचा सपाट भाग दिव्याच्या दृष्टीने फारसा उपयोगाचा नसतो, कारण त्यातून बल्ब जसाच्या तसा दिसतो. मात्र तिचा पाच पाकळ्यांचा तळ भिंगासारखा प्रकाश वळवतो आणि भिंतीवर फुलासारखी नक्षी पाडतो. बाटल्यांचे तळ कापून वापरणे म्हणूनच अधिक फलदायी ठरते. डिटर्जंटचे वा दुधाचे पांढुरके कॅन एचडीपीई या प्लास्टिकचे असतात. ते प्रकाश इतका एकसारखा पसरवतात की पातळ पापुद्रा कापून लावला तरी आतला बल्ब दिसेनासा होतो. वस्तूच्या तळाशी त्रिकोणात छापलेला आकडा पाहण्याची सवय लावून घ्यावी: 1 म्हणजे पीईटी, 2 म्हणजे एचडीपीई, 5 म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. 3 हा आकडा असलेले पीव्हीसी मात्र तापवू नये आणि गरम तारेने कापूही नये, कारण त्यातून हायड्रोजन क्लोराइड हा घातक वायू निघतो. जुन्या सीडी सर्वांना मोहात पाडतात. त्यांवरील चाकोऱ्या एकमेकींपासून सुमारे 1.6 मायक्रोमीटर अंतरावर असल्याने प्रकाश रंगांत विखुरतो, पण ते रंग ठरावीक कोनातूनच दिसतात. सीडी बल्बाभोवती गुंडाळण्यापेक्षा उजेड तिरका पडेल अशा जागी ठेवल्या तरच त्यांचे चीज होते. क्ष-किरणांच्या जुन्या फिल्मची निळसर छटा फार सुंदर दिसते, परंतु तिच्यावरील रुग्णाचे नाव आणि तपशील असलेली पट्टी आधी कापून टाकावी.

पत्र्याचा डबा या सर्वांत मला सर्वाधिक शिकवणारा वाटतो, म्हणून त्याची कृती विस्ताराने देतो. डब्यावरील कागद भिजवून काढावा, डबा दोन-तीन बोटे रिकामा राहील इतपत पाण्याने भरावा आणि पाण्याचा घट्ट बर्फ होईपर्यंत गोठवावा. बर्फाने आतून आधार दिल्यामुळे खिळा ठोकताना पत्रा चेपत नाही. तळ थोडा फुगलाच तर बर्फ वितळल्यावर हलक्या हाताने ठोकून सपाट करता येतो. आलेख कागदावर नक्षी काढून तो कागद डब्याला चिकटवावा, डबा घडी घातलेल्या जाड टॉवेलवर आडवा ठेवावा आणि बारीक खिळ्याने सर्व छिद्रे पाडून झाल्यावरच निवडक छिद्रे जाड खिळ्याने मोठी करावीत. आतल्या बाजूला पत्र्याच्या धारदार कडा वर येतात. त्या कानशीने घासल्याशिवाय आत हात घालू नये. आता याच डब्यात आधी दुधी आणि मग पारदर्शक बल्ब लावून पाहावा. पहिल्याने भिंतीवर नुसते धूसर उजेडाचे डाग पडतात, दुसऱ्याने नक्षी रेखीव उमटते. प्रकाशाचा उगम जितका लहान, तितकी सावली स्पष्ट; जाळीदार किंवा सच्छिद्र वस्तूंसाठी बल्ब निवडताना हा एकच नियम पुरतो.

एकेक वस्तू कितीही देखणी असली तरी मोठा दिवा उभा राहतो तो एकाच वस्तूच्या पुनरावृत्तीतून. डच डिझाइनर टेयो रेमी यांनी 1991 मध्ये दुधाच्या 12 काचेच्या बाटल्या क्रेटमध्ये असतात तशाच ओळींनी टांगून दिवा केला. बाटल्यांची काच तेवढी धूसर केली आणि रचना जशी होती तशीच ठेवली. म्हणून आपल्याला सातत्याने मिळत राहील असाच टाकाऊ माल निवडावा आणि कापताना, तापवताना काही नग वाया जाणार हे धरून थोडे जास्त जमवावेत.

जोडणीच्या बाबतीत माझे मत ठाम आहे: ग्लू गन शक्यतो बाजूला ठेवावी. त्या गोंदाच्या कांड्या उष्णतेने पुन्हा मऊ पडतात, एचडीपीई आणि पॉलिप्रॉपिलीन यांना बहुतेक गोंद धरतच नाहीत, आणि गंभीर गोष्ट म्हणजे पत्रा, प्लास्टिक व कागद एकमेकांना कायमचे चिकटवले की जे पुनर्वापरात जाऊ शकले असते ते सरळ कचऱ्यात जाते. तार, रिबीट, दोरा, नट-बोल्ट किंवा चीर देऊन अडकवण्याची खाच यांनी जोडलेला दिवा सुटा करता येतो. आकिले आणि पिएर जाकोमो कास्तिल्योनी या बंधूंनी 1962 मध्ये केलेला ‘तोयो’ दिवा या दृष्टीने अभ्यासावा: मोटारीच्या हेडलाइटचा दिवा उंच दांड्यावर बसवला आहे, वायर मासेमारीच्या गळाच्या कड्यांतून खाली येते, आणि तळाशी असलेला ट्रान्सफॉर्मर दिवा कलंडू नये म्हणून वजनाचेही काम करतो. एकही भाग झाकलेला नाही आणि प्रत्येक भागाला काम आहे.

विजेच्या बाबतीत विद्यार्थ्यांनी स्वतः 5 किंवा 12 व्होल्टच्या एलईडी पट्ट्या आणि प्रमाणित अ‍ॅडॅप्टर यांच्यापलीकडे जाऊ नये. घरगुती वीजदाबाची जोडणी, तसेच धातूच्या दिव्याचे अर्थिंग, जाणकार वायरमनकडूनच करून घ्यावे. अ‍ॅडॅप्टरवर त्याच्या क्षमतेच्या 80 टक्क्यांहून अधिक भार टाकू नये: दर मीटर लांबीला 4.8 वॉट घेणारी 5 मीटर पट्टी 24 वॉट घेते, तेव्हा तिला किमान 30 वॉटचा अ‍ॅडॅप्टर लागतो. पट्टी फक्त तिच्यावर छापलेल्या खुणेवरच कापावी. दर मीटर लांबीला 60 एलईडी असलेल्या पट्टीत दोन एलईडींमध्ये साधारण 17 मिलिमीटर अंतर असते. वरचे आवरण निदान तेवढे तरी दूर ठेवावे, अन्यथा उजेडाऐवजी ठिपके दिसतात. तंतूचा जुना बल्ब वापरूच नये, कारण तो घेतलेल्या विजेचा फार मोठा भाग उष्णतेत घालवतो आणि पीईटी 70 ते 80 अंश सेल्सिअसच्या आसपासच मऊ पडू लागते. एलईडी बल्बही बुडाशी तापतो, त्यामुळे झाकणबंद बरणीत तो लवकर निकामी होतो; हवा खालून आत येऊन वरून बाहेर जाईल अशी छिद्रे ठेवावीत. झुंबराचे वजन वायरवर कधीही येऊ देऊ नये. त्यासाठी स्वतंत्र पोलादी तार किंवा साखळी लावावी, आणि वायर तिच्या बाजूने सैल सोडावी. काचेच्या रिकाम्या बाटल्यांचे वजन प्रत्येकी अर्ध्या किलोच्या आसपास भरते, तेव्हा बारा बाटल्यांसाठी छतातील हूक कोणता लागेल याचा विचार चित्र काढतानाच करावा.

प्रकाशाचा रंग सामानाशी जुळवावा. पुठ्ठा, कागद, तपकिरी काच यांना 2700 केल्विनचा (केल्विन हे उजेडाच्या रंगछटेचे माप) उबदार उजेड शोभतो. क्ष-किरण फिल्म किंवा निळी काच यांत तोच उजेड मळकट दिसतो, तिथे 4000 केल्विनचा घ्यावा. तयार दिवा माणसांच्या समक्ष सलग चार तास चालू ठेवावा आणि दर अर्ध्या तासाने होल्डर, अ‍ॅडॅप्टर आणि बल्बाच्या सर्वांत जवळचा भाग तपासावा. कुठे वास आला, रंग पालटला किंवा आकार वाकला तर बल्ब कमी वॉटचा करावा किंवा अंतर वाढवावे, आणि चाचणी पुन्हा पहिल्यापासून घ्यावी. त्यानंतर बल्बाची कमाल वॉट मर्यादा, अ‍ॅडॅप्टरचे व्होल्ट आणि दिवा कोणत्या क्रमाने सुटा करायचा हे लिहिलेली छोटी चिठ्ठी त्याच्या बुडाशी बांधावी.