२८ दिवसांचं पाणी: लातुरात सिव्हिल शिकताना

एप्रिल २०१६ मध्ये मी लातुरात सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला होते आणि आमच्या काँक्रीट लॅबची क्युरिंगची, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवून पक्कं करायची, टाकी कोरडी पडली. प्रोजेक्टचे १८ क्यूब, म्हणजे काँक्रीटचे ठोकळे, त्याच आठवड्यात साच्यातून काढले होते. १५० मिलिमीटरचा क्यूब २८ दिवस पाण्यात बुडवून ठेवायचा आणि मग मशीनखाली फोडायचा, एवढंच पुस्तकात असतं. इथे शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी येत होतं आणि होस्टेलवर माणशी दोन बादल्या मिळत होत्या. त्यातलं पाणी क्यूबसाठी मागायचं कोणत्या तोंडाने?

आम्ही गोणपाट भिजवून क्यूब गुंडाळले, वरून प्लास्टिक घट्ट बांधलं, सावलीत ठेवले. रोज सकाळी एक तांब्या पाणी. जानेवारीत टाकीत ठेवलेल्या क्यूबपेक्षा यांची ताकद कमी भरली, पण काँक्रीट एम-२० होतं, म्हणजे दर चौरस मिलिमीटरला २० न्यूटन ताकदीचं, आणि एकही क्यूब त्याच्या खाली गेला नाही. प्रोजेक्टचा विषयच आम्ही ‘कमी पाण्यातलं क्युरिंग’ असा बदलून घेतला. पुढे पहिल्या मुलाखतीत अर्धा तास याच गोणपाटावर बोलणं झालं.

पण तिथवर पोचायच्या आधी पहिलं वर्ष काढावं लागतं. औसा तालुक्यातल्या माझ्या गावी दहावीपर्यंत सगळं मराठीत शिकले. बल, प्रतिबल, विकृती हे शब्द तोंडपाठ होते, तरी वर्गात ‘स्ट्रेस-स्ट्रेन’ सुरू झालं की डोक्यावरून जायचं. मेकॅनिक्सला केटी लागली, म्हणजे विषय राहिला. होस्टेलच्या जिन्यात बसून रडले, घरी मात्र महिनाभर सांगितलं नाही. मग एक वही केली: डाव्या पानावर इंग्रजी शब्द, उजव्या पानावर माझ्या भाषेत त्याचा अर्थ. ‘शिअर’समोर ‘कात्री’ असं लिहिलेलं अजून आठवतं. ही वही पहिल्याच आठवड्यात करा, केटी लागायची वाट बघू नका. एआयसीटीईने, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने, २०२१ पासून मराठीतून इंजिनिअरिंग शिकवायला परवानगी दिली, ते फार आधी व्हायला हवं होतं. पण साइटवरची ड्रॉइंग आणि आयएस कोड (बांधकामाची भारतीय मानकं) इंग्रजीतच हातात पडतात, तेव्हा दोन्ही भाषा लागणारच.

कॉलेज निवडताना प्लेसमेंटच्या बॅनरवर जाऊ नका. लॅबमध्ये जाऊन मशीन चालू करून दाखवा म्हणा. २० विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असा नियम आहे. त्यातले कायमचे किती आणि तासिका तत्त्वावरचे किती, हे सीनियर मुलं खरं सांगतात. एनबीए मानांकन, म्हणजे शिक्षणाच्या दर्जाची अधिकृत पावती, कॉलेजला नसतं, शाखेला असतं, तेव्हा तुमच्या शाखेचं विचारा. मुलींनो, घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल आणि प्रवेश कॅपमधून (सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून) असेल, तर २०२४ पासून शिक्षण शुल्क माफ आहे. मॅनेजमेंट कोट्यातून प्रवेश घेतलात की ही सवलत जाते. घरच्यांना हे आधी सांगा, नाहीतर उगाच एकरभर रान विकायची भाषा सुरू होते.

आमचे स्ट्रक्चर्सचे सर सेमिस्टरच्या मध्येच सोडून गेले. जागा भरली गेली नाही. तो विषय मी एनपीटीईएल या ऑनलाइन व्याख्यानांच्या साइटवर आयआयटीच्या प्राध्यापकांचे व्हिडिओ बघून काढला. ते फुकट आहेत. एकटीने बघताना झोप येते, म्हणून आम्ही चौघी एका मोबाइलभोवती बसायचो आणि गणित आलं की थांबवून आधी स्वतः सोडवायचो. तिसऱ्या वर्षापासून गेटची, म्हणजे एम.टेक.च्या प्रवेश परीक्षेची, तयारी त्यातच होत गेली. गेटमधून एम.टेक.ला प्रवेश मिळाला तर महिना १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं. आमच्यातल्या दोघी तशाच पुढे शिकल्या.

आणि मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते मातीबद्दल. सॉइल मेकॅनिक्सच्या लॅबमध्ये दोन मोजपात्रं असतात. दोन्हींत वाळवून चाळलेली माती १०-१० ग्रॅम टाकायची, एकात रॉकेल ओतायचं, एकात पाणी, आणि २४ तास ठेवायचं. मी आमच्या रानातली काळी माती नेली होती. दुसऱ्या दिवशी रॉकेलमधली होती तशीच तळाशी, पाण्यातली जवळजवळ दुप्पट फुगलेली. उन्हाळ्यात आमच्या बांधालगत हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसाळ्यात त्या मिटतात, त्याच मातीवरच्या आमच्या घराची भिंत दर दोन वर्षांनी तडकते, हे सगळं त्या काचेत उभं होतं. गावातले जुने गवंडी पाया घेताना ‘मुरूम लागेपर्यंत खणा’ का म्हणायचे, ते मला तेव्हा समजलं. वर्गातल्या शहरी मुलांनी मला प्रश्न विचारायला सुरुवात केली ती त्याच दिवशी, आणि पहिल्यांदाच उत्तर देताना माझी जीभ अडखळली नाही.

दिवाळीच्या सुट्टीवरून परत येताना डब्याबरोबर तुमच्या रानातली किलोभर माती पिशवीत बांधून आणा. लॅब असिस्टंटला मोजपात्रं मागा. ते देतात.