मधुमेहात मेंदूसाठी व्यायाम करताय? या चुका टाळा

टाइप २ मधुमेहात मेंदूवर परिणाम होतो तेव्हा सगळं एकदम विसरायला होतं असं नाही. हिशेबाला वेळ लागतो, दोन कामं एकत्र सांभाळताना गोंधळ उडतो. व्यायामाने रक्तवाहिन्या आणि इन्सुलिनचं काम सुधारतं, म्हणून मेंदूलाही त्याचा फायदा अपेक्षित असतो. पण चालायला लागल्यापासून डोकं उलट जडच वाटतंय, असं असेल तर?

शुगर न बघता बाहेर पडणं. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड या शुगर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी ग्लुकोमीटर लावा. आकडा ९०च्या खाली असेल तर थोडं खाऊन मगच निघा. मेंदूकडे ग्लुकोजचा साठा जवळजवळ नसतोच, त्यामुळे शुगर ७०च्या खाली घसरली की शब्द सुचत नाहीत, चिडचिड होते, ओळखीचा रस्ताही चुकतो. घरचे म्हणतात, ‘वय झालं!’ अशा वेळी १५ ग्रॅम ग्लुकोज घ्या, १५ मिनिटं थांबा, पुन्हा तपासा. अकार्बोज किंवा व्होग्लिबोज घेणाऱ्यांना इथे साखर लवकर लागू पडत नाही, कारण ती पचण्याची क्रियाच या गोळ्या मंदावतात. त्यांच्या खिशात ग्लुकोजची पावडर किंवा गोळ्याच हव्यात.

व्यायामाचा परिणाम २४ तासांहून अधिक टिकू शकतो. संध्याकाळी दमछाक केली आणि रात्री घामाने जाग आली, सकाळी डोकं ठणकलं, तर त्या रात्रींची शुगर तपासा. आकडे लिहून डॉक्टरांना दाखवा, डोस मनाने कमी करू नका.

रमतगमत चालणं. बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, इतका वेग हवा. आठवड्याला १५० मिनिटं, सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खाडा नको. सगळा व्यायाम रविवारी उरकणं म्हणजे फक्त गुडघ्यांना शिक्षा. शिवाय दोन-तीन दिवस ताकदीचा व्यायाम करा. सुरुवातीला हातांचा आधार न घेता खुर्चीतून १० वेळा उठणं-बसणं पुरे. मधुमेहाने डोळ्यांच्या पडद्यावर नव्या नाजूक रक्तवाहिन्या तयार झाल्या असतील तर मात्र श्वास रोखून वजन उचलू नका.

नाडीच्या आकड्यावर विसंबणं. बीटा ब्लॉकर, म्हणजे रक्तदाब-हृदयासाठीची काही औषधं, घेणाऱ्यांची नाडी मुळातच कमी राहते. शुगर उतरली तरी त्यांना धडधड जाणवत नाही, घाम मात्र येतो. तोच इशारा समजा.

महिन्याभरात स्मरणशक्ती तल्लख होईल असं धरून चालणं. अमेरिकेतल्या ‘लूक अहेड’ या मोठ्या चाचणीत टाइप २ मधुमेहींनी अनेक वर्षं आहार-व्यायामाचा काटेकोर कार्यक्रम पाळला. शुगर आणि वजनात फायदा दिसला, पण एकूण गटात बुद्धीच्या चाचण्यांत ठोस फरक पडला नाही. म्हणून व्यायाम सोडायचा नाही, पण विसराळूपणा वाढतच असेल तर नुसती चालण्याची मिनिटं वाढवून भागणार नाही. बराच काळ मेटफॉर्मिन चालू असेल तर बी१२ तपासून घ्या, सोबत थायरॉइड, ऐकू येणं आणि झोपही बघा. बी१२ कमी असेल तर त्यावर सरळ उपचार आहे.