प्लेटिंगच्या पाण्यासाठी पाणकणसाचा वाफा

नाशिकजवळच्या सातपूरच्या एका प्लेटिंग शॉपमध्ये, म्हणजे धातूच्या भागांवर निकेल-क्रोमचा मुलामा चढवतात तिथे, मी २२ वर्षं ईटीपी (सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट) चालवतोय. आमच्याकडचं पाणी नंदिनी नदीत, तिथून टाकळीला गोदावरीत आणि पुढे नांदूर मध्यमेश्वरला जातं. त्या पाण्यावर लोकांची शेती आहे. शेवटच्या टाकीनंतर पाणकणसाचा वाफा केला तो एवढ्यासाठीच.

शेण कुजतं, साबण विरतो. निकेल आणि क्रोमियम मात्र कुठेच नाहीसे होत नाहीत. झाड त्यांना अडवून धरतं, तेही बहुतेक मुळांत आणि मुळांभोवतीच्या चिखलात. म्हणून वाफ्याला तळाशी प्लास्टिकचा कागद हवाच. कागद नसेल तर नाला वाचेल आणि शेजारची बोअर नासेल.

रिन्सचं, म्हणजे मुलामा दिलेले भाग धुतलेलं, कच्चं पाणी वाफ्यात कधी सोडू नका. पहिल्या वर्षी मी सोडलं आणि आठवड्यात कर्दळीची पानं कडेने करपली. क्रोमचं पिवळं पाणी आधी पीएच २-३ वर मेटाबायसल्फाइट या रसायनाने हिरवट करा, मग चुन्याने साडेआठच्या आसपास नेऊन गाळ बसवा. वरचं निवळ पाणी तेवढं वाफ्याला.

वाफा ३ मीटर लांब, १ मीटर रुंद, ७० सेंटिमीटर खोल. तळाला मीटरमागे १ सेंटिमीटर उतार. आत द्राक्षवाले शेततळ्याला घालतात तो ५०० मायक्रॉनचा कागद. दोन्ही टोकांना मोठे दगड, मध्ये १० ते २० मिलिमीटरची खडी, पण धुतलेली. क्रशरची भुकटी राहिली तर वाफा तुंबतो. पाणी ६० सेंटिमीटरवर थांबेल असा फिरता एल्बो (पाइपचा कोपरा) बाहेरच्या पाइपला लावा. वरची खडी कोरडी राहते, डास होत नाहीत. खडीत पोकळी साधारण ४० टक्के, म्हणजे पाणी मावतं ७२० लिटर. ते आत ६ दिवस थांबायला हवं, म्हणून रोज १२० लिटरच सोडायचं.

पाणकणीस, नळ (पाणथळीतलं उंच गवत) आणि कर्दळ यांचे गड्डे जूनमध्ये लावा. दोन महिने साधं पाणी, नंतर चौथा हिस्सा ईटीपीचं, मग हळूहळू पूर्ण. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत वाढ मंदावते. तेव्हा पाणी कमी करा.

सगळ्यात जपायचं ते ओलाव्याला. पाणकणीस पोकळ पानांतून हवा मुळांपर्यंत नेतं. मुळांवर लोखंडी गंजासारखा थर बसतो आणि धातू त्याला चिकटतो. मुळांपासून लांब, जिथे हवा नाही, तिथे जिवाणू सल्फेटचं सल्फाइड करतात. निकेल, जस्त त्याच्याशी बांधले जाऊन पाण्यात विरघळेनासे होतात. वाफा सुकला की हवा आत शिरते आणि ही बांधणी सुटते. एका दिवाळीला शॉप आठवडाभर बंद होतं, वाफा कोरडा पडला, आणि त्यानंतरच्या नमुन्यात निकेल वाढलेलं निघालं. तेव्हापासून सुट्टीतही मी पाण्याचा नळ बारीक सुरू ठेवून जातो.

आतलं आणि बाहेरचं पाणी दर महिन्याला लॅबला द्या. नदीनाल्यात सोडायच्या पाण्याला निकेलची मर्यादा लिटरला ३ मिलिग्रॅम, षट्संयुजी क्रोमियमची, म्हणजे त्या पिवळ्या पाण्यातल्या क्रोमची, ०.१.

कापलेलं पाणकणीस जाळू नका, खतात घालू नका, गुरांपुढे टाकू नका. गोदावरीतल्या पाणवेली काठावर कुजायला ठेवल्या तर त्यांनी शोषलेला धातू पहिल्या पावसात परत नदीत जातो. तसंच इथेही होईल. मी कापणी वाळवून ईटीपीच्या गाळासोबत पिशव्यांत भरतो, वजन रजिस्टरला लिहितो आणि घातक कचऱ्याच्या गाडीने रांजणगावच्या घातक कचरा केंद्राला पाठवतो.