ड्रायव्हर यायच्या आधीच स्पीकरचा बॉक्स बांधताय? या चुका टाळा

वूफर (जाड आवाजाचा, म्हणजे बासचा) आणि ट्विटर (बारीक आवाजाचा) हे बॉक्समध्ये बसणारे स्पीकर, म्हणजेच ड्रायव्हर, मागवलेत, पार्सल कस्टममध्ये अडकलंय आणि घरात एमडीएफची आठ बाय चारची शीट भिंतीला टेकून उभी आहे. अशा वेळी हात शिवशिवणारच. काम आधी सुरू करायला माझी अजिबात हरकत नाही. उलट सावकाश, नीट काम करायला हाच काळ उत्तम. पथ्यं दोनच. ड्रायव्हर हातात येईपर्यंत पुढच्या फळीला, म्हणजे बॅफलला, भोक पाडायचं नाही आणि डबा सहाही बाजूंनी चिकटवून बंद करायचा नाही. बाकी कापणं, जोडणं, आतले आडवे टेकू, घासकाम, सगळं उरकून घ्या.

‘साडेसहा इंची’ या शब्दावर भोक पाडणं

सगळ्यात जास्त लाकूड याच चुकीपायी वाया जातं. साडेसहा इंच हे नुसतं नावाचं माप आहे. त्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या वूफरच्या बाहेरच्या कड्याचा व्यास एका कंपनीचा १६५ मिमी असतो, तर दुसरीचा १८० च्या आसपास. भोकाचं मापही त्याप्रमाणे बदलतं. कंपनीच्या डेटाशीटमधलं चित्र बघा, पण तेवढ्यावर राऊटर (लाकूड कोरायचं यंत्र) चालवू नका. कड्याची जाडी, त्याखालचं गॅस्केट आणि बाजूला बाहेर आलेले वायरचे टर्मिनल या तीन गोष्टी चित्रात कळत नाहीत किंवा नजरेतून सुटतात. टर्मिनलसाठी भोकाच्या काठाला छोटी खाच लागली तर ती ड्रायव्हर समोर ठेवूनच आखता येते. ट्विटरचं कडं तर बरेचदा पूर्ण गोलही नसतं, एका बाजूने सपाट कापलेलं असतं.

ड्रायव्हर आल्यावरही पहिलं भोक टाकाऊ प्लायच्या तुकड्यात पाडा. कडं बसवायची खाच किती खोल हवी, हे तिथेच ठरतं. मग बॅफल.

आणखी एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. १८ मिमी जाड बॅफलमध्ये वूफर बसवला की त्याच्या सांगाड्याच्या मागच्या खिडक्या लाकडाच्या जाडीने अर्ध्या झाकल्या जातात आणि कोनच्या, म्हणजे वूफरच्या हलणाऱ्या शंकूच्या, मागची हवा कोंडते. म्हणून भोकाची आतली कड ४५ अंशांत उतरती करा, पण जिथे स्क्रू येणार तिथे लाकूड पूर्ण जाडीचं राहू द्या. स्क्रूच्या जागा ड्रायव्हर आल्याशिवाय कळणार नाहीत, तेव्हा हे कामही नंतरचंच.

बाहेरच्या मापावरून लिटर मोजणं

४०० × २५० × ३०० मिमीचा डबा बाहेरून बरोबर ३० लिटरचा दिसतो. १८ मिमीच्या फळ्या वजा केल्या की आत ३६४ × २१४ × २६४ उरतात, म्हणजे साधारण साडेवीस लिटर. एक तृतीयांश जागा लाकडातच गेली! त्यातून वूफरचा मॅग्नेट, टेकू, पोर्टची (डब्यातली हवा बाहेर जायच्या वाटेची) नळी आणि क्रॉसओव्हर (जाड आणि बारीक आवाज वेगळे करून वूफर-ट्विटरला वाटून देणारं सर्किट) मिळून आणखी दीड-दोन लिटर सहज जातात. गणित नेहमी आतून बाहेर करा: आधी हवे तेवढे निव्वळ लिटर, त्यात या सगळ्यांची जागा मिळवा आणि मग फळ्यांची जाडी.

जाडीही दुकानदाराच्या तोंडची धरू नका. १८ मिमी म्हणून मिळणारी प्लाय व्हर्नियरने मोजली तर बरेचदा थोडी कमी भरते. दोन्ही बॉक्सच्या सारख्या फळ्या करवतीच्या एकाच सेटिंगवर एकापाठोपाठ कापून घ्या.

डेटाशीटच्या आकड्यांना अंतिम समजणं

ड्रायव्हरला किती मोठा डबा लागेल, हे आज आपण गणिताने काढू शकतो ते ऑस्ट्रेलियातल्या नेव्हिल थील यांच्या १९६१च्या निबंधामुळे आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७०च्या दशकात पुढे नेलेल्या कामामुळे. एफएस (ड्रायव्हरची नैसर्गिक कंपनसंख्या), क्यूटीएस (कंपन किती आवरलं जातं याचा आकडा) आणि व्हीएएस (ड्रायव्हरच्या लवचीकपणाइतकी लवचीक हवा किती लिटर, तो आकडा) हे ते आकडे. पण छापलेला आकडा आणि तुमच्या हातातला नग यांत फरक असतो, शिवाय नवा कोरा ड्रायव्हर काही तास वाजल्यावर थोडा सैलावतो आणि त्याची एफएस खाली येते.

हा फरक कितपत बाधतो, हे डब्याच्या जातीवर अवलंबून आहे. बंद डबा, म्हणजे पोर्ट नसलेला, क्षमाशील असतो. समजा क्यूटीएस ०.३८ आणि व्हीएएस २५ लिटर आहे. १० लिटरच्या डब्यात एकूण क्यू (डब्यासकट ड्रायव्हरचा तोच आकडा) ०.७१ येतो, ९ लिटरमध्ये ०.७४ आणि ११ लिटरमध्ये ०.६९. कानाला हा फरक जाणवणंही कठीण. म्हणून ड्रायव्हर येण्याआधी बांधायचाच असेल तर मी बंद डबाच सुचवेन. पोर्टवाला करायचा असेल तर तो गणितापेक्षा दहा टक्के मोठा ठेवा. जागा जास्त झाली तर आत लाकडाचा ठोकळा स्क्रूने बसवून ती कमी करता येते. कमी पडलेली जागा मात्र वाढवता येत नाही.

पोर्टची नळी आधीच चिकटवणं

निव्वळ २० लिटरचा डबा ४५ हर्ट्झला ट्यून करायचा, म्हणजे पोर्टमधली हवा त्या कंपनसंख्येला घुमवायची, तर आतून ५ सेंमी व्यासाची नळी साधारण ११ सेंमी लांब लागते. व्यास ७.५ सेंमी घेतला तर लांबी थेट २७ सेंमीवर जाते आणि वरच्या मापाच्या डब्यात ती सरळ मावतच नाही. हीच ११ सेंमीची नळी डबा १७ लिटरचा निघाला तर ४९ हर्ट्झला जाऊन बसते. शिवाय आपल्याकडे पीव्हीसी पाइपचं माप बाहेरच्या व्यासाचं असतं. ६३ मिमीचा पाइप आतून ६३ भरत नाही, स्वतः मोजा.

नळी गणितापेक्षा तीन-चार सेंमी जास्त लांब कापा, नुसती घट्ट बसवा. ड्रायव्हर लावल्यावर रूम ईक्यू विझार्ड या मोफत सॉफ्टवेअरने इम्पिडन्सचा (ड्रायव्हरच्या विद्युत अडथळ्याचा) आलेख काढा. दोन शिखरांमधली दरी जिथे दिसेल, ते तुमचं ट्यूनिंग. नळी थोडीथोडी कापत दरी हव्या त्या जागी आणा, मगच चिकटवा.

पावसाळा

एमडीएफच्या कापलेल्या कडा पाणी पितात आणि फुगतात. पार्सलची वाट बघण्यात महिना जाणार असेल तर कडांना लगेच सीलर किंवा पातळ केलेल्या फेव्हिकॉलचा हात मारा. फळ्या जमिनीवर ठेवू नका. कापताना मास्क हवाच.

ड्रायव्हर आले आणि काहीतरी बिनसलं, तर

भोक लहान पडलं असेल तर कानस किंवा राऊटरने वाढवा, पण ड्रायव्हर दुसऱ्या खोलीत ठेवून. लाकडाचा भुसा आणि लोखंडाचा कीस एकदा मॅग्नेटच्या फटीत गेला की निघत नाही. भोक मोठं झालं तर ९ मिमी प्लायचं कडं कापून वरून बसवा. नीट रंगवलं तर ते मुद्दाम केल्यासारखं दिसतं.

बंद डब्यातला वूफर बोटांनी हलके आत दाबून सोडा. तो झटकन परत आला तर हवा गळतेय. आतल्या सांध्यांत सीलंट भरा. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन वापरलं असेल तर वास पूर्ण जाईपर्यंत ड्रायव्हर बसवू नका, त्यातून सुटणारं आम्ल तांब्याला चांगलं नाही.

सगळं घट्ट आहे, तरी बास गायब? मग एका बॉक्समध्ये तारा उलट जोडल्या गेल्या असण्याची शक्यता मोठी. क्रॉसओव्हरपासून तारा सोडवून दीड व्होल्टचा सेल क्षणभर वूफरच्या टर्मिनलला टेकवा. सेलचं धन टोक वूफरच्या धन टर्मिनलला असताना कोन बाहेर यायला हवा. दोन्ही बॉक्स असे तपासा. ट्विटरवर मात्र हा प्रयोग करू नका.