भाड्याच्या संगणकांपुढे टिकेल असा वायफाय पासवर्ड

वायफायचा पासवर्ड फोडणाऱ्याला आपल्या राउटरशी झटत बसावे लागत नाही, हे पासवर्ड ठरवताना आधी ध्यानात घ्यावे. फोन राउटरशी जोडला जाताना दोघांत होणारी सांकेतिक देवाणघेवाण जवळपास थांबून एकदा टिपून घेतली, की पुढचे सगळे अंदाज दूरच्या संगणकांवर तपासता येतात. चुकीचे प्रयत्न मोजून अडवण्याची संधीच राउटरला मिळत नाही. डब्ल्यूपीए२ या वायफायच्या प्रचलित सुरक्षा पद्धतीत प्रत्येक अंदाजामागे ४०९६ फेऱ्यांचे गणित असते खरे, परंतु संगणक भाड्याने मिळू लागल्यापासून ही अडचण केवळ पैशांची उरली आहे. २००९ साली संगणक-सुरक्षा संशोधक मॉक्सी मार्लिनस्पाइक यांनी सुरू केलेली सेवा ३४ डॉलरमध्ये साडेतेरा कोटी शब्द सुमारे २० मिनिटांत तपासून देत असे. २०११ मध्ये थॉमस रॉथ या दुसऱ्या सुरक्षा संशोधकांनी ॲमेझॉनच्या भाड्याच्या यंत्रणेवर सेकंदाला चार लाख अंदाजांचा वेग गाठला.

आपल्याकडे मोबाइल क्रमांकच पासवर्ड म्हणून देण्याची सवय आहे. भारतीय क्रमांक ६ ते ९ पैकी एका अंकाने सुरू होतो, म्हणजे एकूण शक्यता ४०० कोटी. रॉथ यांच्या त्या जुन्या वेगानेही त्या सगळ्या तीन तासांच्या आत संपतात. आठ अंकी जन्मतारीख तर काही मिनिटांचीही धनी नाही. मुलांची नावे, गावाचे नाव आणि पुढे १२३ हे सारे तयार शब्दयाद्यांत सहज सापडते.

म्हणून शब्दकोशाची पाने डोळे मिटून उघडून पाच-सहा असंबद्ध शब्द निवडावेत आणि ते रोमन लिपीत सलग लिहावेत. मर्यादा ६३ अक्षरांची असल्याने जागेची चिंता नाही. आवडीचे शब्द मात्र वेचू नयेत, कारण आपली आवड इतरांनाही सुचते. नेटवर्कचे नावही बदलावे: ते पासवर्डसोबत त्या फेऱ्यांच्या गणितात मिसळले जाते आणि कंपनीने दिलेल्या सरसकट नावांसाठी त्या गणिताच्या उत्तरांचे आधीच करून ठेवलेले तक्ते उपलब्ध असतात.

राउटरच्या सेटिंगमध्ये डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्ड न टाकता बटण किंवा पिनने उपकरण जोडण्याची सोय, बंद करावे. त्याचा आठ अंकी पिन जास्तीत जास्त ११,००० प्रयत्नांत सापडू शकतो, हे २०११ मध्येच उघड झाले आहे. डब्ल्यूपीए३ या नव्या पद्धतीची सोय असेल तर ती अवश्य निवडावी, कारण त्यात प्रत्येक अंदाज राउटरसमोरच करून पाहावा लागतो. जुन्या फोनसाठी मिश्र पद्धत ठेवावी लागली, तर डब्ल्यूपीए२ने जोडणाऱ्या उपकरणांची देवाणघेवाण पूर्वीप्रमाणेच टिपता येते, त्यामुळे लांब पासवर्ड तेव्हाही ठेवावाच.