वेबहुक नीट घ्यायचा कसा? द्राक्षपेटीच्या ऑर्डरचं उदाहरण

निफाड किंवा दिंडोरीचा बागायतदार वेबसाइटवरून थेट ग्राहकाला द्राक्षं विकत असेल, तर पैसे जमा झाल्याची वर्दी पॅकहाउसला लगेच मिळायला हवी. त्यासाठी दर मिनिटाला पेमेंट गेटवेला, म्हणजे ऑनलाइन पैसे स्वीकारणाऱ्या सेवेला, विचारत बसायची गरज नाही. घटना घडली की गेटवेच आपल्या वेब-पत्त्यावर जेसन (डेटा लिहिण्याची एक पद्धत) मजकुराची पोस्ट रिक्वेस्ट पाठवतो. हाच वेबहुक. इथे उदाहरण रेझरपे या गेटवेचं आहे, पण गिटहब या कोड साठवण्याच्या साइटकडून घटना घ्यायच्या असल्या तरी सांगाडा हाच.

वेबहुक घेणारा सर्व्हर नाशिकमधल्या सातपूर-अंबडच्या ऑफिसातल्या संगणकावर ठेवू नका. वीज किंवा ब्रॉडबँड गेलं की घटना दाराबाहेरच राहतात. भाड्याचं लहानसं क्लाउड मशीन पुरतं. रेझरपे फक्त ८० आणि ४४३ या पोर्टवर पाठवतो, म्हणून ३००० वर चालणारं ॲप एनजिनएक्स या वेब-सर्व्हरच्या मागे लावा आणि पत्ता एचटीटीपीएसचाच द्या. रेझरपेच्या डॅशबोर्डमध्ये पत्ता भरताना शेवटच्या स्लॅशसकट तंतोतंत भरा. ३०१ या उत्तर-कोडने दुसरीकडे वळवलेली रिक्वेस्ट बहुतेक ठिकाणी फसलेली धरली जाते. ब्राउझरमध्ये साइट उघडते, पण वेबहुक येत नाही, असं झालं तर सर्टिफिकेटची मधली साखळी बसवायची राहिली आहे का ते आधी बघा. पायथॉनचं जँगो फ्रेमवर्क वापरत असाल तर या एका मार्गावरची सीएसआरएफ तपासणी (फॉर्म आपल्याच साइटवरून आला का, ही तपासणी) काढा, नाहीतर प्रत्येक रिक्वेस्टला ४०३, म्हणजे नकार, मिळेल.

डॅशबोर्डमध्ये हव्या तेवढ्याच घटना निवडा: पेमेंट कॅप्चर झालं (पैसे पक्के घेतले गेले), पेमेंट फसलं, रिफंड पूर्ण झाला. वेबहुकचं सिक्रेट, म्हणजे तुमच्यात आणि गेटवेत ठरलेला गुप्त शब्द, लांब आणि रँडम ठेवा. एपीआय कीचं सिक्रेट वेगळं आणि हे वेगळं. टेस्ट आणि लाइव्ह मोडचे वेबहुकही स्वतंत्रपणे नोंदवावे लागतात.

आता सही, म्हणजे रिक्वेस्ट खरंच गेटवेकडून आल्याची खूण, आणि बहुतेकजण अडकतात ते इथेच. गेटवे रिक्वेस्टच्या बॉडीवर (मुख्य मजकुरावर) हे सिक्रेट वापरून एचमॅक-एसएचए२५६ नावाचा पडताळणी-कोड काढतो आणि ‘एक्स-रेझरपे-सिग्नेचर’ या हेडरमध्ये पाठवतो. तोच हिशोब आपण करायचा, पण आलेल्या कच्च्या बाइट्सवर. फ्रेमवर्कने जेसन उलगडलं आणि तुम्ही ते पुन्हा मजकुरात बदललंत, की स्पेस बदलतात, कधी अक्षरंही बदलतात. ग्राहकाने पत्ता मराठीत लिहिला असेल तर हे हमखास दिसतं. पायथॉनचं ‘जेसन डॉट डम्प्स’ वेगळं न सांगितल्यास देवनागरी अक्षरांच्या जागी ‘\u’ने सुरू होणारे कोड टाकतं, बाइट्स बदलतात आणि सही जुळत नाही. मग स्पेस जुळवून घेतल्या असल्या, तर इंग्रजी पत्त्यांच्या ऑर्डरी सुरळीत आणि मराठी पत्त्यांच्या नापास, असं कोडं पडू शकतं. म्हणून नोडच्या एक्सप्रेस फ्रेमवर्कमध्ये या मार्गापुरतं रॉ पार्सर लावा, पायथॉनच्या फ्लास्कमध्ये ‘गेट डेटा’ने बॉडी घ्या. तुलना साध्या बरोबरच्या चिन्हाने करू नका. पायथॉनमध्ये ‘कम्पेअर डायजेस्ट’, नोडमध्ये ‘टायमिंग सेफ इक्वल’ वापरा. सही चुकली तर ४०० (चुकीची रिक्वेस्ट) देऊन थांबा.

सही जुळली की घटना डेटाबेसच्या टेबलात लिहा आणि लगेच २००, म्हणजे ‘मिळालं’ असं उत्तर, द्या. पावती छापणं, व्हॉट्सॲप संदेश, कुरिअरची नोंद ही सगळी कामं मागे वेगळ्या चालणाऱ्या वर्कर प्रोग्रामला द्या. रेझरपे उत्तराची ५ सेकंद वाट पाहतो, गिटहब १० सेकंद. उशीर झाला की रेझरपे तीच घटना २४ तासांपर्यंत पुन्हा पुन्हा पाठवतो. गिटहब आपणहून पुन्हा पाठवत नाही. लिहिण्याआधी २०० देणं त्याहून वाईट: मध्येच प्रोसेस कोसळली तर घटना गेली, आणि पाठवणाऱ्याच्या लेखी ती पोचलेली असते.

एकच घटना दोनदा येणार, हे धरूनच चाला. नाहीतर एकाच पेमेंटवर दोन पेट्या रवाना होतील. ‘एक्स-रेझरपे-इव्हेंट-आयडी’ हेडरमधला क्रमांक टेबलात युनिक ठेवा. तो आधीच असेल तर नवीन नोंद करू नका, पण उत्तर २०० च द्या. इथे चूक दाखवलीत तर रेझरपे पुन्हा पाठवत राहील. घटना क्रमानेच येतील याचीही हमी नसते. ‘कॅप्चर्ड’ आधी आणि त्याच्या अगोदरच्या टप्प्याचं ‘ऑथोराइज्ड’ (बँकेची मंजुरी) नंतर आलं, तर ऑर्डरची स्थिती मागे नेऊ नका.

रक्कम पैशांत येते: ४५० रुपयांच्या पेटीसाठी ४५०००. ती ऑर्डरमधल्या रकमेशी ताडूनच पेटी सोडा. वेळ युनिक्स सेकंदांत, म्हणजे १ जानेवारी १९७० पासून यूटीसीनुसार मोजलेल्या सेकंदांत येते. भारतीय वेळेत न बदलता तारीख काढलीत, तर रात्री १२ ते पहाटे ५:३० मधल्या ऑर्डरी आदल्या दिवसाच्या यादीत जातात आणि सकाळच्या तोडणीचा अंदाज चुकतो.

चाचणीसाठी एनग्रोक या साधनाने लॅपटॉपला तात्पुरता बाहेरचा पत्ता द्या. एकच घटना दोनदा पाठवा, बॉडीतलं एक अक्षर बदलून पाठवा, नाव देवनागरीत घालून पाठवा. सगळं चालू झाल्यावरही रोज रात्री एपीआयने दिवसभराची पेमेंट्स मागवून टेबलाशी जुळवा. सर्व्हर दिवसभर बंद राहिला असेल तर निसटलेली ऑर्डर या जुळवणीतच सापडते.